वाळूच्या बेटावर दिवस काढायचा तर: कृषी केंद्रातली हिरवी नेट आणि बाकीचं सामान

पावसाळा ओसरला की चंद्रपूर-गडचिरोलीकडे वैनगंगा आणि प्राणहितेच्या पात्रात वाळूची बेटं उघडी पडतात. मार्कंड्याच्या आसपास, चपराळ्याकडे वर्धा-वैनगंगेचा संगम होतो तिथे, सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे आणि त्याही पुढे सोमनूरला, जिथे इंद्रावती येऊन मिळते. बेटावर झाड नाही, टपरी नाही, नळ नाही, आडोसाही नाही. म्हणूनच लोक जातात, आणि बहुतेक जण म्हणूनच दुपारी बाराला कंटाळून परततात. बाजारात ‘पिकनिक’ म्हणून मिळणारं सामान कोकण-गोव्याचा किनारा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं असतं; तिथे मागे सुरूची झाडं आणि शंभर पावलांवर नारळपाणी असतं. इथे तसलं काही नसतं. तेव्हा नदीच्या उघड्या वाळूवर कोणती वस्तू टिकते आणि कोणती फसते, एवढाच या परीक्षणाचा विषय.

निकाल आधीच सांगून टाकतो. सावलीसाठी कृषी केंद्रातली हिरवी शेडनेट घ्या, ती रोवायला युरियाच्या रिकाम्या चुंगड्या (गोण्या) घ्या, आणि वाचलेले पैसे चांगल्या लाइफ जॅकेटवर घाला. छत्री, पॉप-अप तंबू आणि डोक्यावर ताणायची ताडपत्री, तिन्ही घरी ठेवा.

आधी शेडनेट. भाजीच्या रोपवाटिकेवर आणि पानमळ्यावर टाकतात तीच. ३५, ५०, ७५ आणि ९० टक्क्यांत मिळते. आकडा म्हणजे ती किती उजेड अडवते. तीन मीटर पन्हा सगळीकडे मिळतो आणि दुकानदार मीटरवर कापून देतो, अख्खा गठ्ठा घ्यायची गरज नाही. सहा-आठ माणसांना ७५ टक्क्यांची, सहा मीटर लांबीची नेट पुरते. दुकानात ५० टक्क्यांचीच असेल तर दुप्पट घेऊन दुहेरी करा. पहिला थर निम्मा उजेड अडवतो, दुसरा उरलेल्याचा निम्मा, म्हणजे हिशेब ७५ वरच येतो. ७५ ची दुहेरी केली तर साधारण ९४ टक्के उजेड अडतो. मार्चनंतर जायचं असेल तर तसंच करावं लागतं. १८ चौरस मीटरची घडी एका थैलीत मावते आणि दोन-अडीच किलोंच्या वर जात नाही.

नेटचा खरा गुण सावली नव्हे, वारा आहे. ताडपत्रीची सावली तिच्यापेक्षा गडद, यात वाद नाही. पण तीन बाय सहाची ताडपत्री अंगावर वारा घेते. ताशी ३० किलोमीटरचा झोत सरळ आदळला तर तिच्यावर सत्तर-ऐंशी किलोंचा जोर येतो, आणि कोरड्या वाळूत खुंटी एवढा जोर सहन करत नाही. खुंटी मातीत टिकते कारण माती तिला धरून ठेवते. कोरडी वाळू धरत नाही, बाजूला सरते. मग बांबू उपटून माणसांच्या अंगावर येतो. नेटमधून वारा आरपार जातो, ती फडफडते पण उडत नाही. शिवाय खाली बसणाऱ्यालाही वारा लागतो. ताडपत्रीखाली हवा कोंडून दुपारी नुसता दम घुटतो.

नेटमधले दोष दोन. कापलेल्या कडेचे धागे सुटत जातात. मेणबत्तीची ज्योत कडेजवळून भरभर फिरवली की प्लास्टिक वितळून कड बसते. ज्योत थांबली की भोक पडतं, म्हणून हात चालता ठेवा आणि हे काम अंगणात करा. दुसरा दोष म्हणजे तिला कड्या नसतात. सरळ भोकात दोरी ओवली तर ताण पडताच नेट फाटत जाते. त्यावर उपाय जुनाच आहे: लिंबाएवढा गुळगुळीत खडा नेटच्या आत धरायचा, वरून नेटची पुरचुंडी करायची आणि तिच्या मानेला दोरीचा फास घालायचा. ताण खड्यावर येतो, धाग्यावर नाही. नेटला असे आठ खडे लागतात आणि ते काठावरूनच उचलून न्यावे लागतात. बेटावर वाळूशिवाय काही सापडत नाही.

आता रोवण. युरियाची रिकामी चुंगडी (४५ किलोवाली) तीन पाण्यांत धुऊन घ्या, नाहीतर उरलेल्या खताने हात चुरचुरतात. अशा सहा चुंगड्या लागतात. बेटावर पोचल्यावर प्रत्येकीत दहा-बारा लिटर वाळू भरा. कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे पंधरा ते अठरा किलो झाले. तोंड बांधा, मध्यावर दोरी घाला आणि चुंगडी दीड फूट खोल, दोरीच्या ताणाला आडवी करून पुरा. नुसती वर ठेवलेली चुंगडी घसरते; पुरलेली चुंगडी निघायला वरची सगळी वाळू उचलावी लागते. फावडं विसरू नका. ताटाने खड्डे खणणारी मंडळी दरवेळी दिसतात आणि दरवेळी पहिल्या दोन खड्ड्यांनंतर थांबतात.

उभारणी कशी करायची हे सूर्य ठरवतो, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. मांडवासारखी चारही बाजूंनी सपाट नेट ताणली की दिसायला छान दिसते, पण डिसेंबर-जानेवारीत भर दुपारीही आपल्याकडे सूर्य दक्षिणेला जेमतेम ४६-४७ अंशांवर असतो. सहा फूट उंचीवरच्या नेटची सावली तेव्हा जवळपास सहा फूट उत्तरेला सरकून पडते. सतरंजी एकीकडे, सावली दुसरीकडे! म्हणून नेटची लांब बाजू पूर्व-पश्चिम धरा. दक्षिणेची कड थेट वाळूला टेकवून तीन पुरलेल्या चुंगड्यांना बांधा. उत्तरेची कड तीन बांबूंवर उचला. बांबू साडेसात फुटी घ्या. दीड फूट वाळूत, सहा फूट वर. प्रत्येक बांबूच्या डोक्यावरून एक दोरी मागे, पाच-सहा फुटांवर पुरलेल्या चुंगडीला. कोपऱ्यांच्या दोऱ्या तिरक्या बाहेरच्या बाजूला ओढा. उत्तरेच्या कडेतून एक अखंड दोरी टोकापासून टोकापर्यंत गेली पाहिजे, नाहीतर मधे झोळ पडतो. अशा उतरत्या बांधणीत तीच तीन मीटरची नेट भर दुपारी चार मीटर रुंद सावली देते. तीन वाजल्यानंतर ऊन पश्चिमेकडून आत शिरतं. तिकडे जुनं लुगडं किंवा चादर लटकवली की झालं. दोन माणसांना पहिल्यांदा पाऊण तास लागतो. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो आणि सपाट मांडवच बरा, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात उघड्या वाळूवर जाऊच नये.

दोरी सहा मिलिमीटरची घ्या, पंचवीस-तीस मीटर. स्वस्त प्लास्टिकची चकचकीत दोरी गाठ धरत नाही, सुटून येते. सुती दोरी गाठ धरते, पण भिजली की ती सोडायला दात लावावे लागतात. नायलॉन मधल्या मध्ये ठीक. तासाभराने एकदा ताण पाहायचा.

छत्रीबद्दल थोडक्यात. बागेतली मोठी छत्री वाळूत फूटभर रोवली तरी वाऱ्याच्या एका झटक्याला निघते आणि टोकदार दांड्यासकट गडगडत जाते. जवळ पोरं असतील तर धोक्याची. पॉप-अप तंबूची चेन दोन तासांत वाळूने जाम होते आणि आत भट्टी होते. ताडपत्री मात्र टाकाऊ नाही, फक्त जागा बदला. खाली अंथरायला तिच्यासारखं काही नाही. सतरंजी वाळूतली ओल शोषते, ताडपत्री नाही. खत-बियाण्याच्या दुकानातली साधी पिवळी किंवा निळी पुरते, जाडीवर पैसे घालू नका.

पाणी माणशी चार लिटर, फेब्रुवारी सरल्यावर सहा. आठ जणांना ३२ लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन कॅन. नळवाला थंड पाण्याचा कॅन सोयीचा, पण त्याची तोटी वाळूत टेकली की वाळू आत बसते आणि ती थेंब थेंब गळत राहते. दुपारपर्यंत अर्धा कॅन वाळूने प्यालेला असतो! कॅन उलट्या घमेल्यावर ठेवा. उतरवल्यावर तो वाळूतून न्यायचा असतो हेही लक्षात घ्या. कोरड्या वाळूत वीस किलोंचे तीस वाटतात. दोघांनी बांबूला अडकवून खांद्यावर घेतला तर जातो, एकट्याने मिठी मारून नेला तर पन्नास पावलांवर खाली टेकतो. भांडी नदीच्या पाण्याने आणि वाळूने घासा. पिण्याला नदीचं पाणी नको.

बेटावर नेणाऱ्या डोंग्याची (होडीची) सेवा ही या सहलीतली एकमेव विकत मिळणारी सेवा, आणि तिचं परीक्षण निघण्याआधी काठावरच करायचं. डोंगे चालवणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या माणसांइतकं पात्र कुणाला कळत नाही, तेव्हा वाद त्यांच्या कसबाचा नाही, ओझ्याचा आहे. आठ माणसं आणि हे सगळं सामान म्हणजे साडेपाचशे-सहाशे किलो. लहान डोंग्याचं ते एका खेपेचं ओझं नव्हे. सगळे बसल्यावर डोंग्याची कड पाण्याच्या वर किमान एक वीत राहिली पाहिजे. कमी असेल तर दोन खेपा करा आणि दोन्हीचे पैसे द्या. सामान मध्यभागी, माणसं तळाशी बसलेली, उभं कुणी राहायचं नाही, फोटोला तर नाहीच. “काका, किती जण नेता?” असं विचारू नका, कारण उत्तर समोरची गर्दी पाहून येतं. “काका, कड किती वर राहते?” असं विचारा. परतीची वेळ घड्याळात ठरवा आणि अर्धे पैसे परतल्यावर द्या. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून चारला सामान आवरायला घ्या आणि साडेचारला डोंग्यात असा.

लाइफ जॅकेट काठावर मिळेल असं धरू नका. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला आणि सहा जणी गेल्या. तो हंगाम म्हणजे नेमका बेटांवर जायचा हंगाम; नदी तेव्हा शांत दिसते.

जॅकेट घेताना आतल्या लेबलावर दोन गोष्टी पाहा: किती वजनाच्या माणसासाठी आहे आणि तरंगण्याचा जोर किती न्यूटन आहे. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. ते तरंगवतं, पण शुद्ध हरपलेल्याचं तोंड वर ठेवेल याची हमी नाही. पोहता न येणाऱ्याला आणि पोरांना १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं आणि दोन पायांमधून पट्टा जाणारं घ्या. दुकानातच घालून पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या, कानांच्या वर सरकलं तर पाण्यात ते अंगातून निघेल. कापड चिमटीत दाबून पाहा. आत थर्माकोल असेल तर करकर आवाज येतो आणि दोन हंगामांत त्याचा चुरा होतो. मऊ, रबरासारखा फोम दबून परत फुगतो. लेबलच नसलेली, नुसती केशरी दिसणारी जॅकेटं स्वस्त मिळतात. ती घेऊ नयेत, कुणी फुकट दिली तरी.

पोहण्याबद्दल सांगायचं तर बेटाच्या दोन बाजू सारख्या नसतात. जिथे वाळू हळूहळू पाण्यात उतरते ती बाजू उथळ. जिथे वाळूचा कापलेला, उभा काठ दिसतो तिथे धार आतून वाळू खाते आहे. त्या कडेवर उभं राहिलं तर काठासकट माणूस डोहात जातो. त्याहून फसवे म्हणजे वाळू उपशाचे खड्डे. पोकलेनने काढलेली वाळू नदी एका पावसाळ्यात भरून देतेच असं नाही. घोटाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल पुरुषभर खड्ड्यात पडतं, कारण खड्ड्याच्या कडा उभ्या असतात आणि वरून पाणी सारखंच दिसतं. पुढे बांबू टेकवत जा. कमरेच्या वर पाणी नको. इंद्रावतीत मगरी आहेत, तेव्हा सोमनूरकडे पाण्यात उतरण्याआधी डोंगेवाल्याला विचारा. मगर उन्हाला कुठे येऊन पडते हे त्याला ठाऊक असतं.

समुद्राला भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं. साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी पुढची भरती, पंचांगात बघून निघता येतं. आपल्या बेटांवर पाणी चढतं ते आकाशाकडे न बघता, वरच्या धरणाचे दरवाजे हलले की. वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्द आहे, ३३ दरवाजांचं. खाली चामोर्शी तालुक्यात चिचडोहचा बॅरेज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, आहे. बॅरेजमध्ये पाणी अडवलं की मागची वाळू बुडते, सोडलं की खाली पाणी चढतं. सिरोंच्याखालच्या गोदावरीवर मेडिगड्डा बॅरेज आहे. २०१९ मध्ये तो सुरू झाल्यावर मागे फुगवटा आला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये काही खांब खचल्यावर दरवाजे उघडे ठेवावे लागले. म्हणजे गेल्या वर्षी बेट जिथे होतं तिथे यंदा असेलच असं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी काठच्या गावात कुणाला तरी फोन लावून विचारा, “पाणी चढून राहिलं का उतरून राहिलं?” या एका प्रश्नाचं उत्तर कुठल्याही नकाशावर नाही. बेटावर पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि तासातासाला पाहा. चार बोटं पाणी वर आलं की आवरायला घ्या, जेवण अर्धवट असलं तरी.

जेवणाचं म्हणाल तर रोडगे आणि वांग्याची भाजी याचा मोह सगळ्यांना होतो, आणि वाळूवर गोवऱ्या छान धगतातही. पण वाऱ्याच्या बाजूला कुणी चाललं की भाजीत वाळू येते. चूल वाऱ्याच्या तोंडाशी, बसायची जागा मागे, असं मांडलं तर येत नाही. निखारे वाळूखाली दडपून निघू नका. वाळू धग धरून ठेवते, वरून काही दिसत नाही, आणि दोन तासांनी त्यावर पोराचा पाय पडतो. पाणी ओता, काडीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, हाताच्या मागच्या बाजूला ऊब लागेनाशी झाली की सोडा. एवढी यातायात नको असेल तर दशम्या, ठेचा आणि सुकी चवळी घरूनच न्या. खाऊन झाल्यावर घासायला फक्त ठेच्याचा डबा उरतो.

शौचाचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, विशेषतः बाया सोबत असतील तर. गावातच जाऊन निघावं हे उत्तम. बेटावर आडोसा करायचा तर उरलेली शेडनेट वापरू नका. बाहेरून गडद दिसते, पण मागून ऊन आलं की आतलं सगळं दिसतं. दोन चादरी आणि तीन काठ्या हव्यात. पाण्यापासून जितकं दूर जाता येईल तितकं, फूटभर खड्डा. कागद आणि पॅड पिशवीत परत.

फेब्रुवारीपासून आणखी एक पथ्य येतं. नदी सुरय, टिटव्या आणि छोटे चिखले उघड्या वाळूवर, नुसत्या बोटभर खोल खळग्यात अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची असतात आणि पायाखाली आल्याशिवाय दिसत नाहीत. पक्षी डोक्यावर येऊन ओरडत झेप घ्यायला लागले की तुम्ही घरट्याजवळ आहात. ते दूर उडून गेले की अंडी उन्हात शिजतात. तिथून निघा, मुक्कामाची जागा बदला, आणि कुत्रं घेऊन जाऊच नका. डांगरवाडी (नदीच्या वाळूतली वेलांची बाग) लावलेली असेल तिकडेही फिरकू नका. वेल वाळूवर पसरलेला असला तरी ते कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे. डांगर हवं असेल तर मालकाकडून विकत घ्या.

चपराळा अभयारण्याच्या हद्दीतून जायचं तर वनविभागाची परवानगी आधी काढा. सिरोंचा, असरअल्लीकडे मोबाइलला नेटवर्क असेलच असं नाही, कधी पलीकडच्या तेलंगणातलं पकडतं. काठच्या गावात पोलीस पाटलांना किती जण चाललो आणि किती वाजता परतणार एवढं सांगून ठेवा.

घरी आल्यावर नेट झटकून, साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. वाळू घडीत राहिली तर पुढच्या वेळी ताणताना तीच धागे कापते. विकत घेताना उन्हाला टिकणारी, यूव्ही प्रक्रिया केलेली मागा. साधी नेट दुसऱ्या उन्हाळ्यात हातात कुस्करली जाते. चांगली निघाली तर बाकीचे महिने परसातल्या वांग्या-मिरचीच्या रोपांवर टाका. त्या आठ खड्यांची पुरचुंडी मात्र नेटसोबतच बांधून ठेवा.